शशिकलाबाईंनी ठेवलेला माणूस

शशिकलाबाई धामणकरांनी माणूस ठेवलाय, ही बातमी आमच्या देवासात पहिल्यांदा कुजबुजली गेली ती दुधाच्या रांगेत. तिथून ती भजनाला गेली, भजनातून हळदीकुंकवाला, आणि मग बसमध्ये खिडकीची जागा पकडून थेट धारला पोचली. धारच्या एका बाईंनी मला मुद्दाम फोन केला.

"अहो, वय काय हो?"

"कुणाचं?" मी म्हटलं. "बाईंचं की माणसाचं?"

पलीकडे बांगड्या वाजल्या. बाईंनी फोन दुसऱ्या, चांगलं ऐकू येणाऱ्या कानाला लावला असावा.

बातमीला पुरावा होता, आणि तोही खुद्द शशिकलाबाईंच्या तोंडचा. शेजारच्या सीताकाकूंना त्या जिन्यात म्हणाल्या होत्या, "मी वर्गावर एक माणूस ठेवलाय. दुपारी तीनला येतो. फार उपयोग होतो त्याचा." सीताकाकूंनी पुढे सांगताना 'वर्गावर' एवढा एकच शब्द गाळला. शिवाय तीन वाजले की आमच्या मराठी मंडळाच्या हॉलचं दार आतून बंद होतं, हे अख्ख्या गल्लीनं पाहिलेलं.

माणूस कोण ते सांगतोच. पण आधी बाई कोण ते ऐका, म्हणजे असल्या बाईंनी ठेवलेल्या माणसाचे काय हाल होत असतील याचा अंदाज येईल.

बाई मूळच्या कराडकडच्या. त्यांना बघायला भाऊ धामणकर गेले होते. भाऊंचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक. देवासच्या कारखान्यात नुकतीच नोकरी लागलेली, शर्टाला नवी कडक इस्त्री. पोहे झाले, आणि भाऊंच्या मामांनी रीतीप्रमाणे जाहीर केलं, "आमचा मुलगा अगदी निर्व्यसनी आहे हो."

खाली मान घालून बसलेल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "कशावरून?"

मामांचा कप बशीवरच अडकला. भाऊंच्या गालात त्या वेळी सुपारीचं खांड होतं. गिळावं तर ठसका लागेल, थुंकावं तर लग्न मोडेल. शेवटी त्यांनी सरळ तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाले, "एवढंच आहे." मुलीनं तिथल्या तिथे होकार दिला. भाऊ पुढे जन्मभर सांगायचे, "लोकांच्या लग्नाची सुपारी पाटावर फुटते, माझी तोंडात फुटली."

देवासला आल्यावर बाईंनी एका खासगी शाळेत सामाजिक शास्त्र शिकवलं. शाळा हिंदी, मुलं माळव्याची, पण तो एक शब्द त्यांनी मराठीतच ठेवला. "कैसे पता?" म्हटलं की पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

"टीचर, कशावरून मतलब?" पोरं विचारायची.

"मतलब, बेटा, तू जो बोला, वो किसके भरोसे बोला?"

त्यामुळे आज आमच्या गावात बँकेत, कचेरीत, औषधाच्या दुकानात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांना मराठी म्हणून एकच शब्द येतो. टरबूजवाला ओरडतो, "शक्कर है माँजी, शक्कर!" बाई उभ्या राहतात. "कशावरून?" हल्ली त्या लांबून येताना दिसल्या की तो आपण होऊनच एक टरबूज कापायला घेतो.

भाऊ गेले. मुलगा नीलेश पुण्यात. त्यानं चारदा बोलावलं. "तिकडे येऊन मी करू काय?" बाई म्हणाल्या. "पुण्यात आधीच सगळे कशावरून विचारतात."

खरं कारण होतं मंडळाच्या हॉलमधला त्यांचा दुपारचा वर्ग. आपली मराठी मुलं घरी "आई, मला भूक लगी आहे" म्हणतात, त्यांना निदान मराठी वाचता यावं म्हणून सुरू केलेला. एके दिवशी वर्गातल्या वेदिकानं 'माझी आजी' असा निबंध आणला. त्यात आजी पहाटे उठून शेतावर जात होती, चुलीवर भाकऱ्या थापत होती आणि तिच्या सुरकुतलेल्या हातांना मायेचा गंध येत होता. वेदिकाची आजी आमच्याच कॉलनीत राहते. नऊच्या आत उठत नाही आणि मोबाईलवर रमी खेळते.

"वेदिका, ही आजी कुणाची?"

"एआयची, काकू."

"त्याला आजी आहे? कशावरून?"

वर्ग हसला. दुसरं कुणी असतं तर त्यानं मोबाईल बंद केला असता. बाईंनी घरून एक पाट आणला, हॉलच्या मधोमध मांडला आणि त्यावर मोबाईल ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा. तेव्हापासून वर्ग त्या पाटाभोवती भरू लागला. प्रश्न आधी त्या पाहुण्याला विचारायचा. उत्तर मोठ्यानं वाचायचं. मग त्यालाही विचारायचं, कशावरून? आणि तरी उत्तर पक्कं धरायचं नाही, तर त्याच्या शेजारी 'माणूस ठेवायचा'. म्हणजे तेच एका जित्याजागत्या माणसाला जाऊन विचारायचं, आणि तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं.

"तोंडाकडे कशाला?" अक्षतनं विचारलं होतं. हा अक्षत म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठा शंकेखोर, बाईंचा खरा वारस.

"अरे, माणूस अडखळतो, डोकं खाजवतो, विषय बदलतो. तिथे थांबायचं, काहीतरी सापडतं. हा मेला कुठेच अडखळत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. घरी येऊन बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठे अडखळता?"

असो. वेदिका घरी गेली, आजीला विचारलं, आणि दुसरा निबंध घेऊन आली. त्यात आजी लहानपणी देवीच्या टेकडीवर शर्यत लावताना घसरली होती ती थेट प्रसादाच्या दुकानात, आणि पेढ्यांच्या परातीत बसल्यामुळे तिला लागलं काहीच नव्हतं. वाचताना वर्गही हसला आणि वेदिकाही. त्या दिवसापासून मुलांना माणसं विचारत सुटण्याचा नादच लागला.

आता प्रतापराव सुर्वे. आमच्या मंडळाचे अध्यक्ष. देवासला पूर्वी एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. प्रतापरावांचे पणजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते, आणि ते अजून दरबारातून घरी परतलेले नसावेत असं प्रतापरावांचं बोलणं. स्वतःला 'आम्ही'. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो'. मग भले उठून मोरीपर्यंतच जायचं असो. नोकरी मात्र आयुष्यभर बँकेत केली.

त्यांचा पुतण्या वीरेंद्र. इंदूरला शिकलेला, मनानं लोणी, तोंडानं विजेचा पंखा. त्याच्या डोक्यात मंडळाच्या हॉलमध्ये एआयची लॅब काढायचं आलं. प्रतापरावांना ते पटलं आणि त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मी तिथे पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात धरून ऐकत होतो.

"बाई, काळाबरोबर चाललं पाहिजे," प्रतापराव म्हणाले. "दसऱ्यापासून हॉल वीरेंद्रकडे. मुलं आता एआय शिकतील."

"मग माझ्याकडे काय करतात?"

"तुमच्याकडे शंका काढतात. परवा आमच्या कृतिकानं आम्हाला विचारलं, आजोबा, आपले पूर्वज पहिल्या रांगेत लढले, कशावरून?"

"मग काय सांगितलंत नातीला?"

"आम्ही चहा मागवला."

वीरेंद्र मध्ये पडला. "काकू, टेन्शन मत लो. तुमचा वर्ग पण ठेवू ना. संडे को, एक घंटा. ह्यूमन स्किल्स असं नाव देऊ."

"म्हणजे रविवारी माणूस," बाई म्हणाल्या, "आणि बाकीचे दिवस?"

प्रतापरावांनी चहा मागवला. हॉल मंडळाचा, मंडळ प्रतापरावांचं. बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती सगळी पोरं मावण्यासारखी नव्हती. हॉल गेला म्हणजे वर्ग गेला. त्या संध्याकाळी बाईंनी नीलेशला फोन करून पुण्याची तिकिटं बघायला सांगितली. वर्ग नसेल तर देवासात राहून टरबूजवाल्याचंच डोकं किती खायचं?

दसरा जवळ आला. उद्घाटनाच्या तयारीसाठी प्रतापरावांनी वीरेंद्रला आवाजी निरोप पाठवला. नंतर तो आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकला की मला पाठ आहे:

"वीरेंद्र, अकराच्या मुहूर्ताला नारळ वाढवायचा. बाराला पानं वाढायची. आक्का धारहून येतील, त्यांना उशीर सोसत नाही. बाकी तू पाहा."

तुम्हाआम्हाला यात काय अवघड? शुभकार्यात नारळ 'फोडायचा' म्हणत नाहीत, वाढवायचा म्हणतात. आणि पानं वाढायची म्हणजे पंगतीला जेवण वाढायचं. पण वीरेंद्रच्या कानात शिरलेलं मराठी डोक्यात पोचेपर्यंत हिंदी होतं. त्यानं मोबाईल काढला आणि सांगितलं, "ग्यारह बजे नारियल बढ़ाने हैं, बारह बजे पान बढ़ाने हैं, धार से बुआजी आएँगी। पूरा प्लान बना दो।"

प्लान झाला. देखणा, रंगीत रकाने असलेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाई आपला पाट न्यायला हॉलवर गेल्या, तेव्हा दारात दोन पोती उभी.

"वीरेंद्र, एवढे नारळ?"

"बढ़ाने हैं ना, काकू. काकासाहेब बोले."

बाईंनी पोत्यांकडे पाहिलं, वीरेंद्रकडे पाहिलं, पाट काखेत मारला आणि घरी गेल्या.

दसऱ्याला हॉल भरला. प्रतापरावांच्या थोरल्या भगिनी जमुनाबाई धारहून आल्या. अंगावर धारकडच्या बाग गावच्या छपाईची लालकाळी साडी, पोटात पहाटेचा एक कप चहा. अकरा वाजले. वीरेंद्रनं पडदा ओढला. मागे नारळांचा डोंगर, वर झेंडूची माळ.

"काकासाहेब, बढ़ा दिए! एक के इक्यावन!"

प्रतापराव डोंगराकडे पाहत राहिले. "बरं. आता वाढवायचा कुठला?"

"अब और?" वीरेंद्र घाबरला. "काकासाहेब, दुकान में इतने ही थे."

शेवटी प्रतापरावांनी खालचा एक नारळ ओढला, तसे बाकीचे गडगडत पहिल्या रांगेत गेले. एक माझ्या पायापाशी आला. मी तो मांडीवर घेतला. यजमानांचा मान ठेवायला हवा. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, भाषणं झाली, आणि बारा वाजता जमुनाबाईंनी खड्या आवाजात विचारलं, "प्रताप, पानं घेतलीत का?"

वीरेंद्रचा चेहरा उजळला. निदान हे तरी प्लानप्रमाणे होतं. तो आतून मोठं ताट घेऊन आला. हिरवीगार विड्याची पानं गोल रचलेली, मध्ये चुना, कात, गुलकंद.

"आत्याबाई, एकदम ताजी. इंदौर से मँगवाई."

जमुनाबाईंनी एक पान उचललं, उलटं करून पाहिलं. "छान आहे. आणि याच्यावर वाढणार काय?"

मग कळलं. जेवण सांगितलंच नव्हतं. आणि मंडळात पंगत आहे म्हणून आम्ही कुणीच घरी चूल पेटवली नव्हती. वीरेंद्र एकामागून एक हलवायांना फोन करू लागला. दसऱ्याच्या दुपारी कोण उचलतो? प्रतापराव पडद्यामागे जाऊन उभे राहिले. खाली त्यांचे जोडे तेवढे दिसत होते.

शशिकलाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. अख्खा वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला.

"काकू, अब?" अक्षत म्हणाला.

बाईंनी पदर खोचला. मग उठल्या. "मोबाईल ठेवा इथे. जोड्या करा आणि गल्लीत जा. कुणाकडे काय शिजलंय, विचारा. खरं काय झालं ते सांगायचं, उगाच गोष्टी रचायच्या नाहीत. आणि तोंडाकडे बघायचं. जी बाई 'हो' म्हणता म्हणता मागे स्वयंपाकघराकडे बघेल, तिच्याकडे मागायचं नाही."

आता गंमत बघा. या पोरांचं मराठी कच्चं म्हणून आम्ही वर्षभर उसासे टाकत होतो. पण गल्ली सगळी माळवी, आणि पोरांची माळवी अशी गोड की आम्ही बघत राहिलो. वेदिका पहिल्याच दारात उभी राहून म्हणाली, "काकीजी, आज कई बणायो?" आणि काय झालं ते तिनं नारळांसकट सांगितलं. काकीजी हसून हसून भिंतीला टेकल्या, आणि डाळीचं पातेलं घेऊन स्वतःच निघाल्या. एका घरातून तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, आले, एका घरातून कढी. मोठं घर होतं निवृत्त ठाणेदारांचं. त्यांची सून बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिनं कमरेवर हात ठेवून पोरांना आधी एकच प्रश्न विचारला, "मंडल में खाना नहीं है? कशावरून?" पोरांनी तिला हॉलपर्यंत आणून पडद्याखालचे जोडे दाखवले. मग पुऱ्यांची परात आली.

अक्षत एका घरातून रिकाम्या हातानं परतला.

"आंटी हाँ बोलीं, काकू. पर अंदर देखा. मैं बोला, बस पानी पिला दो."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पंगत बसली ती गल्लीसकट. दुकानातल्या पत्रावळी कमी पडल्या, तेव्हा वीरेंद्रच्या रंगीत प्लानच्या छापील प्रती खाली घेतल्या. जमुनाबाईंनी बाफले इतके चापले की आम्ही मोजायचं सोडून दिलं. वर म्हणाल्या, "प्रताप, इतकी झकास पंगत तुझ्या लग्नातही नव्हती." मग विडा मागितला. विड्याची पानं सगळीच्या सगळी खपली.

वीरेंद्र मात्र पायरीवर बसून होता. त्यानं बाईंपुढे मोबाईल धरला. "काकू, इसने मरवाया."

बाईंनी चष्मा लावला, वाचलं, मग प्रतापरावांना हाक मारून मोठ्यानं वाचलं. प्लानच्या खाली त्या यंत्रानं लिहिलं होतं: नारियल बढ़ाने से आशय संख्या है, या कोई रस्म? बारह बजे भोजन जोड़ना है क्या? आणि त्याखाली वीरेंद्रचं उत्तर: संख्या। इक्यावन कर दो। भोजन काकासाहेब ने बोला नहीं।

"प्रतापराव, तो विचारत होता," बाई म्हणाल्या.

"मग चुकलं कोण?"

"तुम्ही सांगून मोकळे झालात. वीरेंद्रनं तुम्हाला विचारलं नाही. आणि मी काल पोती पाहिली होती. जन्मभर ज्याला त्याला कशावरून विचारलं, आणि काल तोंडात सुपारी धरून घरी गेले. हॉल गेला म्हणून रुसले होते मी."

प्रतापरावांनी हातातला विडा खाली ठेवला. त्यांच्या पणजोबांच्या दरबारात अशी वेळ कधी आली नसावी, कारण त्यांना शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "वीरेंद्र, तुझी यंत्रं भिंतीशी लाव. मधे बाईंचा पाट राहील. रोज. रविवारी सुट्टी."

"एकदम सही, काकासाहेब," वीरेंद्र म्हणाला. एवढ्यावर सुटका होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. "पर काकू तो पुणे जा रही हैं ना?"

"होय बाई, तुम्ही पुण्याला जाणार असं ऐकतो आम्ही."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

प्रतापराव हसले, मी त्यांना दात दाखवून हसताना प्रथमच पाहिलं.

"पण माझी एक अट आहे," बाई म्हणाल्या. "वर्गाला एक माणूस कमी पडतो. जुनं मराठी येणारा, दुपारी रिकामा, आणि प्रश्न विचारला की चहा न मागवणारा."

तर शशिकलाबाईंनी ठेवलेला माणूस म्हणजे प्रतापराव सुर्वे. ते दुपारी तीनला हॉलवर येतात, पाटाजवळच्या खुर्चीवर बसतात आणि मुलं विचारतील त्या शब्दाचा अर्थ सांगतात. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणतात. दार आतून बंद असतं, कारण त्याच वेळेला बाहेर भाजीच्या गाडीचा भोंगा वाजतो.